तोंड बांधणाऱ्यांच्या बाजूने

मार्च संपत आला की आमच्या स्टाफरूममध्ये दोन विषय हमखास निघतात. पहिला, परीक्षेच्या पर्यवेक्षणाच्या ड्यूट्या. आणि दुसरा, मुलींनी तोंडाला गुंडाळलेले स्कार्फ. पहिल्या विषयावर सर्वांचे एकमत असते, म्हणजे ड्यूटी दुसऱ्याला लागावी असे प्रत्येकालाच वाटते. दुसऱ्या विषयावरही मतभेद फारसा नसतो. यंदा इतिहासाच्या सरांनी खिडकीतून स्कूटर-स्टँडकडे पाहत आरंभ केला, "बघा, चंबळचं खोरं भरलं!" सगळे हसले. मीही हसलो. मग एकाने मुद्दा मांडला की विद्यार्थिनी ओळखूच येत नाहीत, दुसऱ्याने आपल्या वेळच्या साधेपणाची आठवण काढली, तिसऱ्याने चहा सांगितला. घंटा झाली आणि विषय ड्यूट्यांप्रमाणेच दुसऱ्यावर ढकलला गेला.

वर्गाकडे जाताना मात्र मला माझ्या हसण्याचा राग आला. भर दुपारी दीड वाजता रेल्वे गेटपाशी गाडी उभी करून फाटक उघडण्याची वाट पाहणाऱ्या मुलीने डोक्यावर आणि गालांवर वारभर कापड घेतले, तर त्यात हसण्यासारखे काय आहे? हसायचेच असेल तर त्याच फाटकापाशी उघड्या डोक्याने, डोळे बारीक करून, घाम मनगटाने पुसत उभ्या असलेल्या आम्हा पुरुषांना हसावे. म्हणून हा लेख तोंड बांधणाऱ्यांच्या बाजूने आहे. पण वकील अशिलाच्या चुका खासगीत सांगतो, तशा मी इथे चारचौघांत सांगणार आहे. आमच्याकडे हे कापड पुष्कळजणी घेतात, पण ते नीट कसे घ्यावे हे कोणी कोणाला शिकवलेले नाही.

आधी या कापडाच्या नावाचाच गोंधळ पाहा. मी 'पंचा' म्हणालो की माझ्या डोळ्यांपुढे खांद्यावरचे आखूड कापड येते. आमच्या कन्नड विभागातले सर 'पंचे' म्हणाले की ते कमरेचे धोतर असते. खांद्यावरच्या वस्त्राला ते 'शल्य' म्हणतात. लग्नाचे आमंत्रण देताना एकदा ते मला म्हणाले, "सर, तुम्हांला पंचे आणि शल्य द्यायचं ठरलंय." मराठी माणसाला कोणी आनंदाने शल्य देऊ लागले तर त्याने काय समजावे? माझ्या वर्गातल्या कन्नड मुली ओढणीला 'वेल' म्हणतात, मराठी मुली 'ओढणी' किंवा 'स्कार्फ', आणि घरी आजी अजून 'फडकं' म्हणते. मला आजीचा शब्द सर्वांत प्रामाणिक वाटतो. फडके म्हणजे कामाचे कापड. माझे सगळे म्हणणे या एका शब्दात आहे: उन्हाळ्यातले हे कापड अवजार आहे. छत्रीला जसे आपण शोभेचे वा शालीनतेचे मानत नाही, तसे त्यालाही मानू नये, आणि अवजार जसे काम पाहून धरावे तसे ते धरावे.

मी पदार्थविज्ञानाचा मास्तर असल्याने सुरुवात सूर्यापासून करतो. बेळगाव जवळजवळ सोळाव्या अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भर माध्यान्ही सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली काठीच्याच पायाशी लपते. त्या वेळी ऊन गालांवर कमी आणि टाळू, कान, नाकाचा शेंडा, खांदे यांवर जास्त पडते. आमच्या मुली मात्र गाल, नाक, हनुवटी कडेकोट बांधतात आणि मानेचा मागचा भाग उघडा टाकतात. सकाळी आठला कॉलेजला येताना किंवा संध्याकाळी पाचला परतताना ऊन तिरपे तोंडावर येते. तेव्हा तोंड झाकणे बरोबर. बारा ते तीन या वेळात पायी चालायचे असेल तर कापडाची पहिली घडी टाळूवर, दुसरी मानेवर आणि उरले तर चेहऱ्याला, हा क्रम असावा. उसाच्या फडात काम करणाऱ्या बाया पदर कसा घेतात ते एकदा लक्ष देऊन पाहा. त्यांचे नाकतोंड मोकळे असते, मान कधीच नसते.

दुसरी चूक आवळून बांधण्याची. १९८० साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत एक गमतीचा निबंध छापून आला होता. वाळवंटातले बदाऊन लोक काळे झगे का घालतात, असा प्रश्न संशोधकांना पडला. त्यांनी नेगेव्हच्या वाळवंटात भर दुपारी एका माणसाला आळीपाळीने काळा झगा, पांढरा झगा आणि इतर कपडे घालून उभे केले व मोजमापे घेतली. काळे कापड पांढऱ्यापेक्षा अधिक तापले, ते अपेक्षितच होते. पण आतल्या माणसाच्या अंगाला पोचलेली उष्णता दोन्ही झग्यांत सारखीच भरली. कारण झगा सैल होता. कापड आणि कातडी यांच्यामध्ये हवा होती आणि जास्तीची उष्णता अंगापर्यंत पोचण्याआधीच तिने बाहेर नेली. हा निबंध मी दरवर्षी उष्णतावहनाच्या तासाला सांगतो. पोरे ऐकतात, वहीत लिहितात आणि बाहेर पडून तोंडाभोवती कापडाचे तीन वेढे आवळून घेतात. बोटभर पोकळी ठेवा. कानशिलापाशी कापड टेकले तरी चालेल, पण डोक्यावर आणि मानेवर ते तरंगते राहिले पाहिजे. गच्च बांधलेल्या कापडाला मी मलमपट्टी म्हणेन, स्कार्फ म्हणणार नाही.

आता कापडाविषयी. गणपत गल्लीत किंवा खडे बाजारात उन्हाळ्याच्या तोंडाला दोरीवर टांगलेले झुळझुळीत स्कार्फ दिसतात. हाताला रेशमासारखे लागतात, रंग मोहक, धुवायला सोपे. यांतले पुष्कळसे पॉलिएस्टरचे असतात. कापूस आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा नुसत्या हवेतून धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरीत नाही. त्यामुळे घाम त्यात शोषला जात नाही, कातडीवरच चिकचिकत राहतो. दुकानदार 'प्युअर कॉटन' म्हणेल. त्याच्याशी वाद घालू नये. कडेचा एक सुटा धागा मागून घ्यावा आणि घरी काडीने पेटवावा. सुताचा असेल तर कागद जळल्यासारखा वास येऊन मऊ राख पडते. कृत्रिम असेल तर धागा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला कडक गोळी होते. नवे सुती कापड आणले की आधी दोनदा पाण्यातून काढून त्याची खळ घालवावी, आणि पुन्हा कधी खळ देऊ नये. खळीने कापडाची भोके बुजतात, आणि उन्हाळ्यात ती भोकेच तर आपण विकत घेतलेली असतात.

पण इथे एक मेख आहे, ती लपवणे बरे नव्हे. ज्या विरळ विणीतून वारा येतो तिच्यातूनच ऊनही येते. पांढरी पातळ मलमल अतिनील किरण फारसे अडवीत नाही, आणि ओली झाली तर त्याहून कमी अडवते. त्यामुळे एकेरी ओढणी डोक्यावर घेऊन 'मला ऊन लागत नाही' असे मानणाऱ्या मुलीची थोडी फसगत होते. यावर उपाय साधा आहे. पातळ कापड घ्यावे, पण दुहेरी घ्यावे. जाड एका थरापेक्षा पातळ दोन थर बरे, कारण दोन थरांमध्ये पुन्हा हवा असते. रंग जरा गडद, निळा किंवा मातकट घेतला तर किरण अधिक अडतात. तो तापेल खरा, पण सैल असेल तर बदाऊनाच्या झग्याप्रमाणे चालून जाईल.

कापड ओले करावे की नाही हे गावावर अवलंबून आहे. एक ग्रॅम पाणी उडून जाताना जवळजवळ ५८० कॅलरी उष्णता घेऊन जाते. त्यातली काही हवेतून घेते, काही आपल्या मानेतून. आमच्या पठारावर मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी ओला पंचा मानेवर टाकला तर पाच मिनिटांत जीव थाऱ्यावर येतो. तोच पंचा घेऊन चोर्ला घाट उतरून साखळीपर्यंत जा. खालच्या दमट हवेत तो वाळतच नाही. नुसते ओले ओझे गळ्यात पडते आणि शेवटी तो पिळून पिशवीत टाकावा लागतो. गोव्याहून शिकायला आलेली आमची मुले इथे ओला रुमाल मानेवर टाकला की चकित होतात, ते याचसाठी.

इतिहासाच्या सरांना चंबळची आठवण झाली, म्हणून मी त्यांना त्यांच्याच विषयातली एक आठवण करून दिली. १९२४ च्या डिसेंबरात आमच्या गावी काँग्रेसचे अधिवेशन भरले, महात्मा गांधी अध्यक्ष होते. ती विहीर अजून टिळकवाडीत आहे. त्या अधिवेशनात सभासदत्वासाठी दरमहा दोन हजार वार सूत देण्याची अट मान्य झाली. आम्ही दोघांनी फळ्यावर हिशेब मांडला. दोन मीटर लांब, नव्वद सेंटिमीटर रुंद अशी ओढणी धरा. सेंटिमीटरला पंधरा धागे उभे आणि पंधरा आडवे, म्हणजे चांगली विरळ वीण. तिला एकूण ५४०० मीटर सूत लागते. दोन हजार वार म्हणजे सुमारे १८३० मीटर. म्हणजे काँग्रेसची तीन महिन्यांची वर्गणी झाली तेव्हा कुठे एका मुलीचे डोके झाकेल! सर क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "एवढं सूत असतं होय या फडक्यात?" असते. आणि ते कोणीतरी ताणून, भरून, वहीकरून मागावर चढवलेले असते. आमच्या शहापूर, वडगाव, खासबागेत हा धंदा पिढ्यान्‌पिढ्यांचा. शहापूर सांगली संस्थानात असल्यापासून तिथल्या साड्यांचे नाव आहे. आता हातमागांच्या जागी बहुतेक यंत्रमागच खडखडतात. २०२० च्या टाळेबंदीत तो आवाजही थांबला होता, आणि त्या गल्ल्यांतून जाताना चुकल्यासारखे वाटे. त्या विणकरांनी फक्त साड्याच का विणाव्यात, विरळ विणीची सुती ओढणी आमच्या गावात आमच्याच मागावर का निघू नये, हा प्रश्न अर्थशास्त्र विभागाने एखाद्या प्रकल्पाला घ्यावा अशी माझी सूचना आहे. मागणी मोजायला लांब जावे लागणार नाही, स्कूटर-स्टँडवर उभे राहिले की पुरे.

स्कूटरचा विषय निघाला, म्हणून आता जे सांगायला मला नको वाटते ते सांगतो.

१९९४ च्या एप्रिलमध्ये मी धाकट्या बहिणीला मोटारसायकलवर डबलसीट घेऊन खानापूर रस्त्याने चाललो होतो. ती एकोणीस वर्षांची, मागे एका बाजूला बसलेली. मलमलची ओढणी तिने पुढून गळ्यावर घेऊन दोन्ही पदर पाठीवर सोडले होते, तेव्हा सगळ्याच मुली घेत तशी. उद्यमबाग मागे पडल्यावर मी जरा वेग घेतला. एकदम मागून माझ्या खांद्यावरचा तिचा हात सुटला आणि एक चमत्कारिक आवाज आला. तो ओरडण्याचा नव्हता. ओरडायला गळा मोकळा लागतो. ओढणीचा पदर मागच्या चाकात गेला होता. मी ब्रेक दाबला, गाडी आडवी झाली, आणि त्याच क्षणी ओढणी फाटली. जुनी झाली होती, धुऊन धुऊन जीर्ण झाली होती, म्हणून फाटली. ती नायलॉनची नवी असती तर पुढचे मला लिहिता आले नसते.

रस्त्याच्या कडेला उसाच्या रसाचे दुकान होते. तिथला म्हातारा धावत आला. त्याने सुरीने गळ्याभोवतीचा पीळ कापला, खांद्यावरचा टॉवेल रसाच्या बर्फाच्या पाण्यात बुडवून तिच्या मानेवर ठेवला आणि "अंजब्याड तंगी, अंजब्याड" असे पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. बहिणीला कन्नड फारसे येत नव्हते. पण तेवढे तिला कळले आणि ती रडू लागली. रडू लागली म्हणजे श्वास चालू होता. माझे पाय तेव्हा कापायला लागले.

त्या गाडीच्या मागच्या चाकाला जाळी होती, ज्याला आपण साडीगार्ड म्हणतो. ती मीच सहा महिन्यांपूर्वी काढून माळ्यावर टाकली होती. जाळीमुळे गाडी बायकी दिसते असे मित्र म्हणाले होते. मागच्या बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारे आवरण हवे, असे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. ते मला ठाऊक नव्हते असे नाही. इंग्रजी विभागातल्या मॅडम अशा प्रसंगी इझाडोरा डंकनची गोष्ट सांगतात. ही विख्यात नर्तिका १९२७ च्या सप्टेंबरात फ्रान्समधल्या नीस शहरात उघड्या मोटारीतून निघाली, गळ्यातला लांब रेशमी स्कार्फ चाकात गुंतला आणि ती जागीच गेली. गोष्ट जगप्रसिद्ध आहे, पण मला तिची गरज लागत नाही. बहिणीच्या गळ्यावरचा वळ महिनाभर होता.

घरी आल्यावर आमच्या आत्याबाई बहिणीलाच म्हणाल्या, "ओढणी सांभाळता येत नाही का गं तुला?" तेव्हा मला वाईट वाटले, पण त्या वाक्याचा अर्थ पुष्कळ वर्षांनी कळला. ओढणी सांभाळ, पदर सांभाळ, हे आपल्याकडे प्रत्येक मुलीने हजार वेळा ऐकलेले असते. त्या सांभाळण्याचा अर्थ एकच: ती खांद्यावरून घसरू देऊ नकोस, लोक बघतात. चाक बघते, साखळी बघते, बसच्या दारातला खिळा बघतो, प्रयोगशाळेतला बर्नर बघतो, हे कोणी सांगितले नाही. आम्ही मुलींच्या गळ्यात अडीच वार कापड घातले, ते लाजेचे म्हणून घातले, आणि ते घेऊन यंत्राजवळ कसे वावरायचे याचा एक धडाही दिला नाही. माझ्या प्रयोगशाळेत आता पहिल्याच दिवशी मी सांगतो: ओढणी काढून खुंटीला लावा, नाहीतर दोन्ही पदर कमरेला खोचा. पहिल्या वर्षी एका पालकांनी तक्रार केली होती. मी त्यांना खानापूर रस्ता सांगितला.

म्हणून गाडीवरची बांधणी. घरातून निघताना कापड अंगावर सोडूच नये. ओढणी दोनदा लांबीत दुमडून अरुंद करावी. मध्य टाळूवर ठेवावा, दोन्ही टोके हनुवटीखाली एकमेकांवरून नेऊन मानेमागे न्यावीत आणि तिथे, हेल्मेटच्या कडेच्या खाली, साधी सरकगाठ द्यावी. ओढली की सुटली पाहिजे, निरगाठ कदापि नको. टोके वीतभर उरली तर कुडत्याच्या आत खोचावीत. त्याहून जास्त उरत असतील तर ते कापड गाडीसाठी नव्हेच, लहान स्कार्फ घ्यावा. हेल्मेट या कापडावरून घालावे आणि पट्टा नीट आवळावा. डोक्यामागे आतल्या बाजूला गाठीचा गोळा राहिला तर हेल्मेट वर उचलले जाते आणि पडल्यावर त्याचा उपयोग होत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने मागे बसणारीलाही हेल्मेट हवे आहे. 'मी काय मागेच बसते' हे उत्तर पोलिसाला चालत नाही आणि रस्त्याला तर नाहीच. डोळ्यांच्या बाजूला कापड आले तर कडेची वाहने दिसत नाहीत, तेव्हा ते भुवईच्या टोकामागेच राहिले पाहिजे. सगळ्यांत शेवटी, गाडीवर बसल्यावर हात मागे नेऊन पाहावे: आसनाच्या खाली काही लोंबते आहे का? एवढे पाहायला दोन सेकंद लागतात. साडीगार्ड माळ्यावर असेल तर आजच खाली काढावे.

मी एकदा तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीला विचारले की उतरल्यावरही कापड का सोडत नाहीस, इथे तर सावली आहे. ती जरा थांबून म्हणाली, "सर, ऊन तर आहेच. पण तोंड बांधलं की चौकातून जाताना कुणी ओळखत नाही, कुणी काही बोलत नाही. तेवढंच बरं वाटतं." यावर माझ्याजवळ पदार्थविज्ञानातले उत्तर नव्हते. आम्ही स्टाफरूममध्ये बसून ज्या न ओळखू येण्याची तक्रार करीत होतो तेच तिला हवे होते, आणि ते तिला का हवे होते याचा जाब चौकात उभ्या राहणाऱ्यांना विचारायला हवा, तिला नव्हे. वर्गात आणि परीक्षेच्या खोलीत चेहरा दिसावा हे मला मान्य आहे. फाटकाबाहेर तो कोणाला दाखवायचा हे तिचे तिने ठरवावे. (कापडाचा प्रश्न निघाला की २०२२ सालचा कर्नाटकातल्या कॉलेजांपुढचा वाद कोणालाही आठवेल. तो श्रद्धेचा आणि कायद्याचा प्रश्न आहे. उच्च न्यायालयाने त्या मार्चमध्ये निकाल दिला आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयातल्या दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही. मी आज उन्हाविषयी आणि चाकाविषयीच बोलतो आहे.)

आता मुलांविषयी थोडे, कारण त्यांच्यावर मी अधिक रागावलो आहे. विदर्भात उन्हाळ्यात पुरुषही डोक्याला दुपट्टा बांधून बाहेर पडतात, त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. आमच्या भोवतालच्या खेड्यांतल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या खांद्यावर टॉवेल असतो. त्यांची मुले मात्र कॉलेजात आली की तो टॉवेल घरी ठेवून येतात, जणू तो खांद्यावर असला तर पदवी मिळणार नाही. मग एप्रिलमध्ये खेळाच्या मैदानावरून नाकातून रक्त येत परततात. त्यांना कापडाचे वावडे आहे असेही नाही. मिरवणूक असली की प्रत्येकाच्या गळ्यात येते: कोणाच्या भगवे, कोणाच्या लाल-पिवळे. एक नोव्हेंबरला तर आमच्या गावात गळ्यातला रंग पाहून माणसाची भाषा सांगता येते. १९८० साली स्थापन झालेल्या रयत संघाने शेतकऱ्यांच्या खांद्यावर हिरवी शाल दिली. तिला निदान शेताचा वास होता. माझे मुलांना एवढेच सांगणे आहे की मिरवणुकीतले कापड बहुधा पॉलिएस्टरचे असते, तेव्हा ते उन्हात वापरू नये. साधा पांढरा सुती पंचा घ्यावा, काठ हवा तो घ्यावा. तो तीनदा दुमडून मानेवर टाकता येतो, डोक्याला सैल गुंडाळता येतो, बसच्या खिडकीला लावता येतो, आणि दुपारी ग्रंथालयात त्याची उशीही होते. शेवटचा उपयोग मी ग्रंथपालांची क्षमा मागून लिहिला आहे.

मी स्वतः तीन वर्षांपासून पंचा घेऊन येतो. पहिले काही दिवस मुले 'पुजारी सर' म्हणत. आता नुसते 'सर' म्हणतात.

बहीण सध्या वडोदऱ्याला असते. हा लेख लिहायचे ठरवले तेव्हा तिला फोन करून विचारले की त्या दिवसाचे लिहू का. ती म्हणाली, "लिही की. पण दादा, जाळी तू काढली होतीस ते पण लिही." लिहिले आहे.

आणि इतिहासाचे सर परवा पांढरा शुभ्र पंचा गळ्यात घालून आले. फळ्यावरचा हिशेब त्यांना लागला होता असे दिसले. दारातूनच त्यांनी मला विचारले, "काय सर, बरोबर घेतलाय ना?" घेतला बरोबर होता, सैल होता, मानही झाकली होती. फक्त त्यांनी तो दुकानातून आणला तसाच, खळीसकट घातला होता, आणि तो त्यांच्या दोन्ही कानांपाशी पत्र्यासारखा ताठ उभा होता.